टेकडीवरची झाडे आणि पाखरे कशी ओळखावीत

पुण्यातील वेताळ टेकडीवर फेब्रुवारी महिन्यात चढून गेले, की वाटेच्या दोन्ही अंगांना निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस लगडलेले दिसतात. हे झाड म्हणजे गिरिपुष्प, ज्याला अनेक ठिकाणी उंदीरमारी असेही म्हणतात. ते मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील असून आपल्याकडे वनीकरणासाठी लावले गेले. त्याच्याच शेजारी जाड, बोथट फांद्यांची, त्या दिवसांत पूर्ण उघडी पडलेली मोई उभी असते. ती या टेकडीची मूळची रहिवासी आहे, पण तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दोन्ही झाडांना संयुक्त, म्हणजे एकाच देठावर अनेक लहान पर्णिका असलेली, पाने येतात आणि दोन्ही झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतात, त्यामुळे नुसत्या नजरेने त्यांच्यात फरक करणे नवख्याला अवघड जाते. मात्र पाहण्याचा एक ठरावीक क्रम अंगवळणी पडला, तर हा फरक कोणालाही करता येतो. तो क्रम या लेखात सविस्तर मांडला आहे. उदाहरणे पुण्याच्या टेकड्यांवरची असली, तरी दख्खनच्या पठारावरील कोणत्याही गावाच्या माळावर यांतील बहुतेक झाडे आणि पक्षी भेटतील.

आरंभी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. समोर पक्षी किंवा झाड दिसताच ‘याचे नाव काय?’ हा प्रश्न मनात येतो. तो थोडा वेळ बाजूला ठेवावा. आधी लक्षणे पाहावीत, ती कागदावर उतरवावीत, आणि नाव सर्वांत शेवटी शोधावे. नाव आधी मिळाले, की डोळे पाहणे थांबवतात, आणि ते नाव चुकीचे असेल, तर ती चूक अनेक वर्षे टिकते.

वाट एकच असावी

पहिल्या वर्षी नवनवीन जागा शोधू नयेत. घरापासून पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल अशी दीड-दोन किलोमीटरांची एक वाट ठरवावी आणि आठवड्यातून एकदा, ते जमत नसेल तर पंधरवड्यातून एकदा, तिच्यावरूनच चालावे. एकाच झाडाला पालवी, मोहोर, फळ आणि पानगळ अशा चारही अवस्थांत पाहिल्याशिवाय त्याची ओळख पक्की होत नाही. शक्य असल्यास वाट अशी निवडावी, की तिच्यावर थोडी दाट झाडी, थोडे उघडे माळरान आणि थोडे पाणी येईल. वेताळ टेकडीवर जुन्या दगडखाणीत साचलेले पाणी आहे. त्या एका जागेमुळे धोबी, खंड्या आणि वंचक हे पाण्याकाठचे पक्षी टेकडीवरच पाहायला मिळतात. अशी सोय नसेल, तर गावातली विहीर, ओढा किंवा पाझर तलावही पुरेसा आहे.

सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास पक्ष्यांसाठी सर्वांत चांगले असतात. झाडे दुपारीही जागेवरच असतात, त्यामुळे उन्हे चढल्यावर पक्षी गप्प झाले, की वनस्पतींकडे वळावे. चालण्याचा वेग तासाला एक किलोमीटर, फार तर दीड असावा. व्यायामासाठी चालणे आणि निरीक्षणासाठी चालणे ही दोन वेगळी कामे आहेत, ती एकाच फेरीत उरकण्याचा प्रयत्न करू नये. चार-पाच जणांहून मोठा गट असल्यास बोलणे आवरत नाही आणि मागच्यांना काहीच दिसत नाही.

बरोबर काय न्यावे

खिशात मावणारी वही आणि पेन्सिल या दोन वस्तू अनिवार्य आहेत. पेनची शाई पावसात पसरते, म्हणून पेन्सिल. त्याखेरीज सहा इंची पट्टी आणि दहा पट मोठे दाखवणारे छोटे भिंग वनस्पतींसाठी उपयोगी पडते. दुर्बीण घ्यायची असल्यास आठ बाय बेचाळीस या मापाची घ्यावी. यांतील आठ हा आकडा दृश्य किती पट जवळ दिसते ते सांगतो, तर बेचाळीस हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो आणि त्यावर प्रकाश किती आत येणार हे ठरते. दहा किंवा बारा पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो, म्हणून शिकताना ती टाळावी. पक्षी दिसल्यावर नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणावी; आधी दुर्बीण लावून मग फांद्यांत पक्षी शोधू लागल्यास तो सापडत नाही. हे घराच्या खिडकीतून समोरच्या तारेवर बसलेल्या पारव्यांवर चार दिवस सरावाने जमते. दुर्बीण नसली, तरीही सुरुवात अडत नाही. मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे, पायात बंद बूट आणि पाण्याची बाटली एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात.

वनस्पती पाहण्याचा क्रम

सर्वप्रथम वनस्पतीचे एकूण रूप ठरवावे: वृक्ष, झुडूप, वेल, रोपटे की गवत. खोड एक आहे की जमिनीपासूनच अनेक फांद्या फुटल्या आहेत, वेल आधाराला स्वतः पिळे घालते आहे की तणाव्यांनी धरते आहे, हे याच टप्प्यावर लिहावे.

त्यानंतर पान. बहुतेकांना फूल हेच ओळखीचे मुख्य साधन वाटते, पण फूल वर्षातून दोन-चार आठवडे असते आणि पान बहुतेक महिने असते. म्हणून पानाची पाहणी ज्याला नीट जमली, त्याचे अर्धे काम झाले. पानाकडे पाहताना पहिला प्रश्न मांडणीचा विचारावा: पाने फांदीवर एकाआड एक आहेत, समोरासमोर जोडीने आहेत, की एकाच पेऱ्यावर वर्तुळात तीन-चार आहेत? दुसरा प्रश्न पान साधे आहे की संयुक्त, हा. येथे नवखे हमखास फसतात, कारण कडुनिंबाच्या एका पानाला ते वीस पाने समजतात. यावर खात्रीचा उपाय असा आहे, की देठ जिथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात बारीक कळी आहे का, ते पाहावे. कळी जिथे असते, तिथून पूर्ण पान सुरू होते. संयुक्त पानातील पर्णिकेच्या बुडाशी कळी कधीच नसते. ही एक तपासणी मनात पक्की केली, तर पळसाची तीन ‘पाने’ हे प्रत्यक्षात एकच पान आहे आणि काटेसावरीचा पाच-सात बोटांचा पंजा हेही एकच पान आहे, हे आपोआप कळते.

मग पानाची कडा सरळ आहे की दातेरी, टोक कसे आहे, शिरा कशा आहेत आणि पृष्ठभाग हाताला कसा लागतो, हे पाहावे. पिंपळाच्या पानाचे लांब शेपटीसारखे टोक सर्वांना ठाऊक असते. पारिजातकाचे पान मात्र डोळे मिटूनही ओळखता येते, इतके ते खरखरीत असते. पान तुटल्यावर पांढरा चीक येतो का, हे जमिनीवर पडलेल्या किंवा आधीच मोडलेल्या डहाळीवरून पाहावे. वड, पिंपळ, उंबर या सर्वांना चीक असतो, आणि त्यांच्या कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बुडाशी अंगठीसारखा एक गोल वण दिसतो, जो या कुळाची मोठी खूण आहे. चीक असलेल्या अनोळखी वनस्पतीला हात लावून तो हात डोळ्यांना लावू नये; शेर आणि निवडुंग यांच्या चिकाने डोळ्यांना गंभीर इजा होते, आणि कोकणात किंवा घाटात गेल्यास बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड उठतात.

पानानंतर खोडाची साल आणि काटे. काटे कोठे आहेत आणि कसे आहेत, यावरून आपल्या माळावरची बाभूळवर्गीय झाडे वेगळी करता येतात. बाभळीचे काटे लांब, सरळ आणि पांढरट असतात, फुले पिवळ्या गोंड्यांची आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी मधे-मधे आवळलेली असते. हिवराची साल फिकट असते आणि पावसाळ्यात त्याच्या शेंड्यांवर फिकट पिवळसर गोंड्यांचे मोठे तुरे येतात. खैराचे काटे आखूड, आकड्यासारखे वाकलेले आणि जोडीने असतात, आणि फुले गोंड्याऐवजी लांबट कणसासारखी येतात. वेडी बाभूळ परदेशातून आलेली आहे. तिचीही फुले कणसासारखी असतात, पण शेंगा जाड व फिकट पिवळसर असतात. चारही झाडांना लोक सरसकट बाभूळच म्हणतात, त्यामुळे सुरुवातीच्या दोन महिन्यांत या चौघांवर वेळ घालवावा असे मी आवर्जून सुचवीन.

फुलाची पाहणी करताना पाकळ्या मोजाव्यात, त्या सुट्या आहेत की बुडाशी जोडलेल्या, हे पाहावे, आणि फूल कोणत्याही बाजूने कापले तरी सारखेच दोन भाग होतील की एकाच बाजूने होतील, हे ठरवावे. सावरीच्या फुलात पाच मांसल पाकळ्या सर्व दिशांना सारख्या पसरतात. पळसाच्या फुलात मात्र वरची एक पाकळी उभी, दोन बाजूला आणि दोन खाली जुळून होडीसारख्या झालेल्या असतात. हीच रचना पांगाऱ्यात थोडी बदललेली, आणि वाल, तूर, वाटाणा यांच्या फुलांतही स्पष्ट दिसते. स्वयंपाकघरातल्या भाजीचे फूल नीट पाहिलेल्या माणसाला रानातले एक संपूर्ण कूळ ओळखीचे होते.

पळस आणि पांगारा यांचा घोटाळा तर दरवर्षी होतो, कारण दोघांची पाने त्रिदली, दोघेही उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण होऊन केशरी-लाल फुलतात. पळसाला काटे नसतात, पान चिवट आणि बोथट टोकाचे असते, आणि फुलाच्या बुडाशी मखमली, काळपट तपकिरी पेला असतो. पांगाऱ्याच्या कोवळ्या फांद्यांवर काटे असतात, पानाचे टोक निमुळते असते आणि फूल अधिक लाल भासते. काटे दिसले म्हणून लगेच काटेसावर म्हणू नये. सावरीचे पान पंजासारखे असते.

फळ शेवटी पाहावे, पण जमिनीवर पडलेले फळ कधीही वगळू नये. मेडशिंगीच्या लांब, पिळदार शेंगा पाहिल्या, की मेंढ्याच्या शिंगांवरून तिला हे नाव का पडले ते कळते, आणि असे नाव पुन्हा विसरत नाही.

पावसाळ्यातील रोपट्यांसाठी वेगळी शिस्त लागते, कारण जूनच्या पहिल्या सरींपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याला माळाचे रूप बदलते. तेरडा, कुर्डू, टाकळा, आघाडा, एकदांडी, सोनकी ही पहिल्या वर्षी शिकण्याची मंडळी. फुलांचे सडे पाहण्यासाठी लोक कासला जातात, पण तेरडा आणि सोनकी आपल्या टेकडीच्या उतारावरही असतात आणि तिथे त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसायला निवांत वेळ मिळतो. गाजर गवत मात्र लवकर ओळखून त्याच्यापासून दूर राहावे. त्याच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेचा आणि परागकणांमुळे श्वासाचा त्रास होतो.

चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न कधीही करू नये. कळलावीचे फूल अतिशय देखणे असते आणि तिच्या पानांच्या टोकांचे तणावे पाहण्यासारखे असतात, पण ती सर्वांगाने विषारी आहे आणि तिचा कंद तर प्राणघातक ठरू शकतो. धोतरा आणि गुंजेच्या बिया यांचेही तसेच. रानभाज्यांचा मोह अनेकांना होतो. त्या शिकायच्या असल्यास पिढ्यान्पिढ्या त्या खाणाऱ्या माणसाबरोबर जाऊनच शिकाव्यात, कारण शेवळांसारख्या भाजीत नुसती ओळख पुरत नाही, ती काकडाच्या फळांबरोबर शिजवली नाही तर घशाला खाज सुटते, आणि हे ज्ञान पुस्तकापेक्षा हातांमध्ये असते.

पक्षी पाहण्याचा क्रम

झाड थांबून राहते, पक्षी थांबत नाही. म्हणून पक्ष्यांच्या बाबतीत काय आधी पाहायचे, हे आधीपासून ठरलेले असावे लागते. माझा क्रम असा आहे: आकारमान, ठेवण, हालचाल, जागा, आवाज, आणि रंग सर्वांत शेवटी. रंगाला शेवटचे स्थान देण्याचे कारण असे, की तो उन्हात, सावलीत आणि पहाटेच्या धूसर प्रकाशात वेगवेगळा भासतो, नर-मादीत बदलतो, आणि काही पक्ष्यांत ऋतूप्रमाणेही बदलतो. सूर्य आपल्या पाठीमागे येईल असे उभे राहिल्यास रंगाची फसवणूक बरीच कमी होते.

आकारमानासाठी ओळखीच्या पक्ष्यांची मोजपट्टी वापरावी. चिमणी सुमारे १५ सेंटीमीटर, बुलबुल २०, साळुंकी त्याहून थोडी मोठी, पारवा ३३ आणि घार सुमारे ६० सेंटीमीटर. ‘बुलबुलापेक्षा लहान, चिमणीपेक्षा मोठा’ असे लिहिले, की शक्यता एकदम निम्म्याने घटतात. सलीम अली यांनीही भारतीय पक्ष्यांची वर्णने करताना अशीच तुलना वापरली होती.

ठेवण म्हणजे चोच, शेपटी आणि बसण्याची ढब. चोच सांगते की हा काय खातो: सुगरणीची जाड शंकूसारखी चोच दाणे फोडण्यासाठी, शिंजिराची वाकडी बारीक चोच फुलांतील मधासाठी, खाटकाची टोकाला आकडा असलेली चोच किडे आणि सरडे पकडण्यासाठी. शेपटीकडेही तितकेच लक्ष द्यावे. कोतवालाची शेपटी टोकाला दुभंगलेली असते, धोबी ती सतत खाली-वर हलवतो, शिंपी आणि चीरक ती पाठीवर उभी धरतात, आणि हिवाळ्यात येणारा थिरथिरा तिला थरथरवतो, ज्यावरून त्याला नावच पडले. वेडा राघू तारेवरून झेप घेऊन हवेतच किडा टिपतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. ही एक हालचाल पाहिली, तर दुर्बिणीवाचूनही पक्षी ओळखता येतो.

काळ्या-पांढऱ्या तीन पक्ष्यांपाशी बहुतेक जण अडखळतात. दयाळ बुलबुलाएवढा, झाडीत आणि बागांत राहणारा; त्याच्या पंखावर लांब पांढरा पट्टा बसलेला असतानाही दिसतो आणि पोट पांढरे असते. चीरक त्याहून लहान, जमिनीवर आणि दगडांवर वावरणारा. नर सर्वांगाने काळा, बसलेला असताना पंखावरचा पांढरा डाग थोडाच दिसतो, आणि उभारलेल्या शेपटीखालचा तांबूस रंग ही त्याची पक्की खूण. कवड्या गप्पीदास चिमणीएवढा, गवताच्या काडीच्या टोकावर ताठ बसणारा. त्याची शेपटीखालची बाजू पांढरी असते. जागा, आकार आणि शेपटीखालचा रंग या तीन गोष्टी लिहिल्या, की तिघांत गल्लत होत नाही.

लालबुड्या बुलबुल या नावामुळेही घोटाळा होतो, कारण शेपटीखाली लाल रंग शिपाई बुलबुलालाही असतो. म्हणून बूड पाहण्याऐवजी डोके पाहावे: शिपाई बुलबुलाचा तुरा उंच, टोकदार आणि पुढे झुकलेला असतो, गालावर लाल ठिपका आणि गळा पांढरा, लालबुड्याचे डोके काळे आणि तुरा आखूड असतो.

शिंजिरांत माद्यांनी गोंधळ होतो. जांभळ्या शिंजिराची मादी गळ्यापासून खाली पिवळसर असते, तर दुसऱ्या, जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या मादीचा गळा राखट पांढरा असून पिवळा रंग छातीवर सुरू होतो. जांभळ्या शिंजिराचा नरही विणीचा हंगाम संपल्यावर मादीसारखा फिका होतो, फक्त त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा उरतो. मी सुरुवातीला अशा नराची नोंद तिसराच पक्षी म्हणून केली होती. पुढच्या मार्चमध्ये त्याच झुडपावर अर्धवट चमकदार झालेला नर पाहिल्यावर ती दुरुस्त करता आली.

पावशा आणि शिक्रा हा शिकारी पक्षी यांचे साम्य तर असे आहे, की लहान पक्षीही पावशाला पाहून घाबरून ओरडतात. दोघांची पाठ राखी, शेपटीवर आडवे पट्टे आणि उडण्याची पद्धतही जवळपास सारखी. चोच पाहता आली, तर निर्णय होतो: शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकलेली, पावशाची जवळजवळ सरळ. पावशा आवाजावरून मात्र चुकत नाही. पावसापूर्वी चढत जाणाऱ्या सुरात त्याने ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हटलेले शेतकऱ्यांनी कायम ऐकले आहे. आकाशात उंच गिरक्या घेणाऱ्या पक्ष्याची शेपटी टोकाला खाचेची असेल, तर ती घार. आणि एका जागी पंख फडफडवत हवेत थांबणारा पांढरट राखी पक्षी ही कापशी.

आवाज शिकण्यासाठी रोजच्या वाटेवरचे पाच पक्षी निवडावेत आणि प्रत्येकाचा आवाज आपल्या शब्दांत लिहावा. तांबटाचा ‘टुक टुक टुक’ तासन्‌तास चालतो, पण तो बोलताना डोके इकडून तिकडे फिरवत असल्याने आवाज कोठून येतो ते समजत नाही. अशा वेळी वाळक्या फांद्यांची टोके नजरेने तपासावीत. कोकिळाबद्दल भाषेनेच आपली दिशाभूल केली आहे: ‘कुहू’ असे गाणारा तो नर कोकीळ, काळा कुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा, मादी तपकिरी रंगावर पांढऱ्या ठिपक्यांची असते आणि तिचा आवाज वेगळा, घाईघाईचा असतो.

झाडापाशी थांबून पक्षी पाहणे

झाडे आणि पक्षी वेगवेगळ्या दिवशी शिकण्याची पद्धत आहे, पण मला ती पटत नाही. पक्ष्यामागे धावण्यापेक्षा झाडापाशी थांबणे अधिक फलदायी आहे. फुललेल्या पळसाखाली किंवा पांगाऱ्याखाली फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्धा तास शांत उभे राहिल्यास शिंजीर, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि नशीब असेल तर हिवाळी पाहुण्या भोरड्यांचा थवा, असे सारे एका झाडावर येतात. उंबर किंवा वड फळला, की तांबट, कोकीळ आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल तिथे असतात. हरियाल पानांच्या रंगात इतका मिसळतो, की आधी फळांच्या गळतीकडे आणि मग वर पाहावे.

काही नाती याहून घट्ट आहेत. आंब्यावर किंवा अन्य झाडावर बांडगूळ दिसले, तर तिथे फुलटोचा असण्याची शक्यता मोठी, कारण हा अंगठ्याएवढा पक्षी बांडगुळाची फळे खातो, त्यांच्या चिकट बिया फांदीला घासून टाकतो आणि तिथेच नवे बांडगूळ रुजते. विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेल्या बाभळीला पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लटकतात. पावशा आणि चातक सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतात. म्हणून सातभाईंच्या टोळक्यात एखादे वेगळ्याच अंगाचे पिल्लू अन्नासाठी ओरडताना दिसले, तर ते नीट पाहून लिहून ठेवावे.

ऋतूंचेही असेच. सप्टेंबरअखेरीपासून धोबी, थिरथिरा, शंकर आणि भोवत्या हे पाहुणे पक्षी येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. चातक मोसमी पावसाच्या आगेमागे येतो. त्यामुळे जुलैमध्ये आपल्या नोंदीत थिरथिरा आला असेल, तर ती नोंद पुन्हा तपासावी. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचा हा काळ आहे, आणि तेव्हा पाहुणे पक्षी आलेले असल्याने सुरुवात करण्यासही तो उत्तम आहे.

नोंद आणि मोबाइल

नोंदीत तारीख, वेळ, जागा, हवामान आणि मग निरीक्षण असावे. ‘सुंदर निळा पक्षी दिसला’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘साळुंकीएवढा, तारेवर एकटा, डोके मोठे, चोच लांब व लाल, छाती पांढरी, पाठ निळी, डोके-पोट तपकिरी, खाणीजवळ, सकाळी ७.४०’ ही नोंद वाचणारा माणूस तो पक्षी न पाहताही खंड्या असे सांगू शकेल. चित्र काढता येत नसले, तरी दोन लंबगोल आणि बाणांनी दाखवलेले रंग पुरतात.

वनस्पतीची छायाचित्रे घेताना एक चित्र कधीच पुरत नाही. संपूर्ण झाड, फांदीवरील पानांची मांडणी, पानाची वरची व खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ आणि साल अशी चित्रे घ्यावीत, आणि त्यांपैकी एकात तरी पट्टी ठेवावी.

मोबाइलवरील मर्लिन आणि आयनॅचरलिस्ट ही नाव सुचवणारी आणि ईबर्ड हे नोंदी ठेवण्याचे, अशी तिन्ही साधने मोफत आहेत आणि मी ती वापरतो, पण लक्षणे लिहून झाल्यानंतरच. पहिली दोन देतात तो अंदाज असतो. मर्लिन आवाज ऐकून नाव सुचवते, मात्र भृंगराजासारखे पक्षी इतरांची हुबेहूब नक्कल करतात, हे लक्षात ठेवावे. साधनाने दिलेले नाव वहीतील लक्षणांशी ताडून पाहावे, तीन तरी लक्षणे जुळत नसतील, तर ते स्वीकारू नये.

नावाबाबत आणखी एक अडचण येते: एकाच वनस्पतीला गावोगावी वेगळी नावे असतात. एकदांडीलाच कोणी दगडीपाला म्हणते, घाणेरीला टणटणी म्हणतात, तर मुसळी हे नाव काळी आणि सफेद अशा अगदी भिन्न वनस्पतींना लागते. म्हणून स्थानिक नाव आवर्जून विचारून घ्यावे, कोणी आणि कोठे सांगितले तेही लिहावे, आणि त्याच्यासमोर शास्त्रीय नाव जोडावे. पळस म्हणजे ब्युटिया मोनोस्पर्मा, यातील पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. ही दोन शब्दांची पद्धत लिनियसने वनस्पतींसाठी १७५३ मध्ये रूढ केली आणि ती जगभर सारखी वाचली जाते.

काही पथ्ये

घरट्याजवळ थांबू नये आणि त्याचे छायाचित्र जागेसह कोणालाही पाठवू नये. टिटवी माळावर उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालते, आणि ती खड्यांत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर आल्या पावली मागे फिरावे. पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे विणीच्या काळात तर पूर्णपणे टाळावे, कारण नर आपली हद्द राखण्यासाठी पिल्लांना सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याकडे धावतो. फुले तोडू नयेत. जे हातात घेऊन पाहायचे, ते जमिनीवर पडलेले घ्यावे. वाट सोडून पावसाळी सपाटीवर चालल्यास दोन महिनेच जगणारी कोवळी रोपे पायाखाली जातात. मोर, पोपट आणि इतर वन्य पक्षी, त्यांची अंडी आणि घरटी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हे बरोबरच्या मुलांनाही सांगावे.

घरी परतल्यावर

वही त्याच दिवशी उघडावी. ओळख पटलेल्या नोंदींपुढे नाव लिहावे आणि कोणत्या लक्षणांवरून ते ठरवले, हेही एका ओळीत लिहावे. जे ओळखता आले नाही, त्यासाठी वहीच्या मागच्या बाजूला वेगळी पाने ठेवावीत आणि तिथे प्रत्येक अनोळखी वनस्पतीची जागा अशी लिहावी, की पुन्हा त्याच झुडपापाशी पोहोचता येईल: ‘खाणीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर, मोठ्या मोईच्या उजवीकडे, वीस पावलांवर’.

माझ्या अशाच एका पानावर जूनमध्ये लिहिलेले आहे: ‘छातीएवढे झुडूप, फांद्यांची टोके काटेरी, पाने लहान, गोलसर, एकाआड एक, खालून फिकट, फूल नाही.’ त्यापुढे तीन महिने काहीही लिहिता आले नाही. पावसाळा ओसरताना त्याच झुडपावर वाटाण्याहून लहान, पांढऱ्याशुभ्र फळांचे घोस आले होते, आणि दोन लालबुडे बुलबुल ती फळे खात होते. त्या नोंदीपुढे मी ‘पांढरफळी’ लिहिले, आणि खाली बुलबुलांची वेळ लिहिली: सकाळी ८.१०.